आयझॅक राईसचा पांढरा चौकोन

शुक्रवार, दुपारचे पावणेपाच. चहाचा कप टेबलावर ठेवला आणि पुढचं पान उघडलं. वर मजकूर, खाली मजकूर, मध्ये कोरं. कोऱ्या जागेच्या तळाशी बारीक अक्षरांत एवढंच: आयझॅक राईस.

मी पुण्यात एका कंपनीत आहे. परदेशातली जुनी पुस्तकं स्कॅन होऊन आमच्याकडे येतात. आम्ही पानं सरळ करतो, डाग काढतो, अक्षरं ठळक करतो आणि पुनर्मुद्रणासाठी परत पाठवतो. तिकडे कुणी मागणी नोंदवली की तेवढीच प्रत छापली जाते. हक्क संपलेली पुस्तकं असतात, त्यामुळे लेखकाला मानधन नाही की वारसांची परवानगी नाही. मी क्यूसीला बसते, म्हणजे शेवटची चाळणी. माझ्या हातून सुटलं ते थेट छापलं जातं.

पुस्तक होतं बेन्सन लॉसिंगचं, 'पिक्टोरियल फील्ड-बुक ऑफ द रेव्होल्यूशन'. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं सचित्र पुस्तक. न्यूयॉर्कच्या हार्पर कंपनीने ते १८५० पासून तीस भागांत काढलं आणि मग दोन जाडजूड खंडांत बांधलं. पहिल्या पानावरच छापलंय की आत लाकडावर कोरलेली अकराशे चित्रं आहेत, आणि त्यातली बहुतेक लेखकाने स्वतः काढलेल्या रेखाटनांवरून केलेली आहेत. अकराशे चित्रांच्या पुस्तकात कोरा चौकोन म्हटल्यावर मी वरचा मजकूर वाचायला घेतला. एरवी आम्ही वाचत नाही. अक्षरं बघतो. वाचत बसलं तर दिवसाची पानं भरत नाहीत.

१८४८ साली लॉसिंग लेक शॅम्प्लेनच्या काठी टायकॉन्डरोगाच्या पडक्या किल्ल्यात गेला होता. तिथे त्याला आयझॅक राईस भेटला, वय पंचाऐंशी. तरुणपणी याच किल्ल्यात जनरल सेंट क्लेअरच्या हाताखाली शिपाईगिरी केलेला, पुढे १७७७ मध्ये साराटोगाच्या लढाईत उतरलेला. कुठल्याशा कागदाची उणीव राहिली म्हणा किंवा काही तांत्रिक चूक झाली म्हणा, त्याचा पेन्शनचा हक्क गेला. मग हा म्हातारा त्याच किल्ल्याचे पडके बुरूज येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायचा आणि ते हातावर ठेवतील त्यावर दिवस काढायचा. लॉसिंगने त्याचं बोलणं ऐकलं, वही काढली आणि त्याचं चित्र काढलं.

ते चित्र आमच्या फाइलमध्ये नव्हतं.

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चार महिन्यांपूर्वी प्रवचनांचं एक जुनं पुस्तक आलं होतं. पानांवर तांबूस ठिपक्यांचा नुसता सडा पडलेला. त्या वेळी मी 'ठिपके काढा' हे सेटिंग वरच्या टोकाला नेलं, करड्या छटा बंद केल्या, निव्वळ काळं आणि पांढरं ठेवलं. निकाल इतका स्वच्छ आला की सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि तेच सेटिंग 'जुनी अमेरिकन' या नावाने कायम करून टाकलं. नाव मीच दिलेलं. प्रवचनांत चित्रं नव्हती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

लाकडी कोरीवकामात करडा रंग असा नसतोच. असते ती काळी शाई आणि पांढरा कागद, बस. सावली हवी तर रेघा जवळ आणायच्या, उजेड हवा तर लांब न्यायच्या, बारीक करायच्या, तोडून ठिपके करायचे. माणसाचा गाल म्हणजे तुटक रेघांची एक ओळ. प्रोग्रामला ती धूळ वाटते. गडद चित्रांचं त्याने डांबर केलं होतं आणि फिकी चित्रं सरळ पुसून टाकली होती. राईस फिक्या चित्रांतला.

म्हणजे आधीची शंभरावर पानं? ती मीच पास केली होती. चित्रं काळपट, गिचमिड दिसत होती आणि मी मनाशी म्हटलं होतं, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची छपाई, असायचीच अशी. हे मी म्हणावं! माझ्या बाबांचा साताऱ्यात छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, चार केसी आणि लग्नसराईत पत्रिकांचा ढीग. पत्रिकेवरच्या गणपतीचा ब्लॉक मी लहानपणी तासन् तास हातात घेऊन बसायचे. ब्लॉकवर सोंड उजवीकडे असायची आणि कागदावर डावीकडे यायची. बाबा म्हणायचे, "छापखान्यात देवसुद्धा उलटा बसतो, म्हणून तर तो आपल्याला सुलटा दिसतो." आणि त्या गणपतीच्या कानातली बारीक रेघसुद्धा आमच्या खडखडणाऱ्या ट्रेडलवर उठायची. हार्परच्या छपाईला नावं ठेवणारी मी कोण?

मूळ स्कॅन उघडलं. करड्या छटांतलं, चारशे डीपीआयचं. म्हातारा जागेवर होता. मोठं करत गेले. कोटाच्या बाहीवर रेघा घडीबरोबर वळत होत्या, मध्ये जाड, टोकाला केसासारख्या. बॉक्सवूडचा ठोकळा आडवा कापतात, म्हणजे तंतूंची टोकं वर येतात आणि हत्यार कुठल्याही दिशेला अडत नाही. ठोकळ्याची उंची बरोबर खिळ्याएवढी ठेवायची, म्हणजे मजकुराबरोबर एकाच फर्म्यात कसता येतो. त्या काळी फोटो होते, पण खिळ्यांच्या शेजारी बसवून छापता येत नव्हते. ती सोय जवळजवळ तीस वर्षांनी आली. तोवर पुस्तकात माणूस दाखवायचा तर कुणीतरी लाकूड कोरायला हवं. इथे कोरणारे होते लॉसिंग आणि त्याचा भागीदार बॅरिट.

त्या संध्याकाळी मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचलं. आईबाप लहानपणीच गेलेले, पोरगा घड्याळजीकडे शिकाऊ राहिलेला. पुढे पकिप्सी नावाच्या गावी (स्पेलिंग बघून भल्याभल्यांना घाम फुटतो) वर्तमानपत्राचा संपादक झाला. तिथल्याच एका नियतकालिकात चित्रं हवीत म्हणून न्यूयॉर्कला जाऊन एका कोरीवकाराकडून लाकडावर कोरायला शिकला. घड्याळाच्या बारीक चाकांवर बसलेला हात त्याला इथे कामी आला असणार, हा आपला माझा अंदाज. फील्ड-बुकसाठी तो आठ हजार मैलांवर हिंडला. दक्षिणेकडच्या दौऱ्यात तर एक हलकी गाडी, चार्ली नावाचा घोडा आणि तो एकटा.

आपल्याकडे राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव फिरले. लॉसिंग माणसांसाठी फिरला. युद्ध १७८३ मध्ये संपलं आणि हा निघाला १८४८ मध्ये. साराटोगाच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आता ऐंशीच्या पुढे गेलेलं. दोन-चार हिवाळे थांबला असता तर भेटायला कुणी उरलं नसतं. सत्तर वर्षांनंतरची आठवण जशीच्या तशी लिहून घेतली म्हणून अभ्यासक त्याला फार भाव देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तो मुळात बातमीदार होता. पण कुठलं घर कसं दिसत होतं, झाडाला किती फांद्या होत्या, हे तो समोर बसून काढायचा.

हे सगळं घेऊन मी सरांकडे गेले. सर माणूस वाईट नाही, पण त्यांच्या डोक्यावर सोमवारची तारीख होती.

"क्लायंटच्या कागदात काय लिहिलंय? टेक्स्ट सुवाच्य, बॅकग्राउंड स्वच्छ. झालंय ना?"

"सर, पुस्तकाचं नावच सचित्र आहे."

"चित्रांचा वेगळा दर असतो. तो त्यांनी दिलेला नाही."

"चूक सेटिंगची आहे. सेटिंग माझं आहे."

यावर ते जरा थांबले. मग म्हणाले, "नुसतं बोलू नकोस, नमुना दाखव." मी दोन पानं शेजारी शेजारी लावली, डावीकडे राईस आणि उजवीकडे पांढरा चौकोन. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांचे वडील एसटीत होते आणि पेन्शनच्या एका कागदासाठी दोन वर्षं हेलपाटे घालत होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी वरचा मजकूर त्यांना मराठीत सांगितला, त्यात थोडा डाव होता, कबूल करते. त्यांनी मेल टाकला. रात्री साडेनऊला उत्तर आलं: चित्रं हवीतच, तारीख तीच, जादा पैसे नाहीत.

शनिवार-रविवार आम्ही तिघं आलो. मी, एक नवा पोरगा आणि स्कॅनिंगमधला एक जण. दोन्ही खंड मिळून दीड हजाराच्या आसपास पानं. प्रत्येक पानावर चित्राभोवती हाताने चौकट आखायची, चौकटीच्या आत करड्या छटा ठेवायच्या, बाहेर मजकूर काळा-पांढरा. सांगायला सोपं वाटतं. लॉसिंगची चित्रं चौकटीत बसतील तर ना! एखाद्या प्रकरणाच्या सुरुवातीला चित्रच पहिल्या अक्षराला कवटाळतं, एखाद्या ठिकाणी झाडाची फांदी ओळींमध्ये घुसते. खाली तळटिपा, त्या इतक्या लांब की काही पानांवर वर चार ओळी आणि बाकी सगळी तळटीप.

सह्यांनी तर वात आणला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांच्या सह्या त्याने हुबेहूब कोरून घातल्या आहेत. आमच्या ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या प्रोग्रामने, त्या अक्षरं समजून वाचल्या होत्या आणि शोधासाठी मागे ठेवायच्या मजकुरात स्वल्पविराम, टक्क्याची चिन्हं, कंस यांची खिचडी भरून ठेवली होती. नवा पोरगा म्हणाला, "ताई, हे तर शिव्यांसारखं दिसतंय." ती प्रत्येक सही आम्ही चित्र म्हणून वेगळी काढली.

रविवारी दुपारी फोर्ट एडवर्डचं झाड आलं. जेन मॅक्रे नावाची तरुण मुलगी जुलै १७७७ मध्ये तिथे मारली गेली. नक्की कशी, यावर आजही एकमत नाही आणि लॉसिंगचं म्हणणं शेवटचं मानायचं कारण नाही. पण ज्या पाइनच्या झाडाशी लोकांनी ती गोष्ट जोडली ते त्याने उभं असताना काढलं. पुढे १८५३ मध्ये ते वाळलेलं झाड तोडलं आणि त्याच्या काठ्या आणि डब्या करून हौशी लोकांना विकल्या. आमच्या सेटिंगने बुंधा ठेवला होता, फांद्या खाल्ल्या होत्या. पोराने मूळ स्कॅनवरून फांद्या परत आणल्या आणि स्वतःशीच म्हणाला, "हे लोक काय, कशाच्याही काठ्या करतील."

मधल्या सुट्टीत बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांना अमेरिकेचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "ब्लॉक कोरताना तो उलटं काढायचा ना? मग किल्ल्यात बसून काढलेलं सुलटं चित्र लाकडावर उलटं कसं उतरवायचा? आरसा धरून?" मला नीट सांगता आलं नाही. ते म्हणाले, "बघून सांग." अजून विचारतात.

सगळी चित्रं परत आली असं नाही. बांधणीच्या खाचेत गेलेली काही पानं स्कॅन करतानाच वाकली होती. तिथली घरं कलंडलेली दिसतात, ती तशीच गेली. पुस्तक पुन्हा स्कॅन करा म्हणायची आमची पोच नाही. ज्यांच्या हाती ती प्रत पडेल ते आम्हाला नावं ठेवतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. 'जुनी अमेरिकन' हे सेटिंग मी पुसलं. त्याच्या जागी दोन केली, एक चित्रं असलेल्या पुस्तकांसाठी आणि एक नसलेल्यांसाठी. आता पुस्तक आलं की आधी कुणीतरी ते हाताने चाळतं. दहा मिनिटं जातात. सरांच्या तक्त्यात त्या दहा मिनिटांना रकाना नाही, म्हणून आम्ही ती चहात धरतो.

रविवारी रात्री पावणेबाराला पहिला खंड पॅक करायच्या आधी मी राईसचं पान शेवटचं उघडलं. पोरगा मागे उभा होता.

"ताई, त्याच्या गालावर एक ठिपका आहे. धूळ आहे, काढू?"

चारशे टक्के मोठं करून पाहिलं. ठिपका डोळ्याच्या खाली, एका तुटक रेघेच्या टोकाला. शाईचा असेल, धुळीचा असेल, सांगता येईना. एका अमेरिकन ग्रंथालयाने त्याच आवृत्तीची दुसरी प्रत नेटवर ठेवलेली आहे. ती उघडली आणि तेच पान शोधलं. कागद वेगळा, डाग वेगळे. गालावरचा ठिपका तिथेही होता.

"ब्लॉकमध्येच आहे तो," मी म्हणाले. "राहू दे."