लाटा नसलेल्या समुद्राची भीती

तुलूझहून शनिवारी सकाळी समुद्राकडे निघण्यापूर्वी मी गुहागरला फोन करते, आणि बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आज लाटा किती आहेत गं?” मी “अजिबात नाहीत” म्हटले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. माझा मात्र त्याच उत्तराने टांगणीला लागतो. याचे कारण त्यांना फोनवर समजावणे अजून जमलेले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मी काइटसर्फिंगसाठी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरत जाण्याच्या खेळासाठी, जाते तो ला फ्रांकीचा किनारा फ्रान्सच्या दक्षिणेला, ल्यूकात गावाजवळ, तुलूझपासून मोटारीने सुमारे दोन तासांवर आहे. किनाऱ्याचे तोंड पूर्वेला आहे आणि इथला मुख्य वारा, त्रामोंतान, वायव्येकडून येतो. पिरेनीज पर्वत आणि फ्रान्सच्या मध्यभागातील डोंगराळ पठार यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेतून हवा दाटीवाटीने बाहेर पडते आणि त्यामुळे तिचा वेग वाढतो. हा वारा कोरडा असतो, आकाश निळेशार ठेवतो आणि कधी कधी तीन-तीन दिवस थांबत नाही. वादळ म्हटले की काळे ढग डोळ्यांपुढे येणाऱ्या कोकणी माणसाची इथे पहिली फसगत होते. ढग दिसलेच तर 2,784 मीटर उंचीच्या कानिगू शिखराच्या आसपास, घासून गुळगुळीत केलेल्या तबकडीसारखे दिसतात, आणि ते दिसले की जाणती मंडळी लहान आकाराचा पतंग बाहेर काढतात.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. त्रामोंतान हा काही मतलई वारा नव्हे, कारण रात्री वाहून सकाळी थांबण्याची शिस्त त्याला नाही. परंतु त्याची दिशा तीच, जमिनीकडून पाण्याकडे. लाट तयार होण्यासाठी वाऱ्याला पाण्यावरून बरेच अंतर कापावे लागते आणि किनाऱ्यालगत ते अंतरच मिळत नसल्यामुळे, वारा कितीही जोराचा असला तरी काठाचे पाणी ताटासारखे सपाट दिसते. चारपाचशे मीटर आत गेल्यावर पांढरे तुरे दिसू लागतात, आणि काठावर उभे राहून तिकडे पाहिले तर ते आपल्यापासून दूर पळत असल्यामुळे त्यांची उंची कळतच नाही. गुहागरला समुद्र आपला राग दारात आणून दाखवतो. इथे तो पाठमोरा असतो.

वाऱ्याचा वेग आणि पतंगाची ओढ यांचा हिशेबही सरळ नाही. ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वारा 15 नॉटवरून (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) 21 नॉटवर गेला की ती जवळजवळ दुप्पट होते आणि 30 नॉटवर चौपट. जमिनीवरून येणारा वारा घरे, टेकड्या आणि झाडे ओलांडून येत असल्याने तो एकसारखाही नसतो. झोत आणि पोकळी आलटून पालटून येतात. शिवाय तो वरचे तापलेले पाणी आत लोटून देतो आणि खालचे गार पाणी काठाशी वर येते, त्यामुळे ऐन जुलैतही अंगभर रबरी पोशाख घालावा लागतो. याउलट आग्नेयेकडून येणारा दमट मारँ वारा लाटा घेऊन येतो, किनारा कुरूप करतो, पण पडलेल्या माणसाला परत काठाला आणून सोडतो. असे असले तरी मारँच्या दिवशी कुणी काठावरच हवेत उचलले गेले, तर मागे वाळू आणि भिंतीच असतात, हे विसरून चालत नाही.

नवशिक्यांसाठी ल्यूकातचे खाजण बरे, कारण त्याला चारही बाजूंनी जमीन आहे आणि काठाला पाणी कमरेइतके असते. तिथे कालवांची शेती चालते. शिंपल्यांच्या धारेने पाय कापू नयेत म्हणून जाड तळाचे मोजे घालावे लागतात, आणि ही गोष्ट मात्र बाबांना एका वाक्यात कळली!

गेल्या सप्टेंबरात काठावर 18 नॉट वारा होता आणि माझा पतंग नऊ चौरस मीटरचा. साठीच्या एका बाईंनी तो धरून उडवून दिला. चारशे मीटरवर वाऱ्याच्या पोकळीत तो कोसळला, एक दोर पंखाच्या टोकाला गुंडाळला गेला आणि पतंग पुन्हा उठेना. मी शिकवल्याप्रमाणे लाल कडी ओढून त्याची ओढ मोडली, दोर दांड्याला गुंडाळत गुंडाळत पतंगापर्यंत पोहोचले आणि त्याची दोन टोके धरून शीड केले. तेव्हा माझ्या लक्षात आले की ही युक्ती वारा काठाकडे असतानाच कामाची आहे, कारण शीड वाऱ्याबरोबरच जाते. शीड सोडून मी पतंगाच्या फुगलेल्या कण्यावर पोट टेकून पडून राहिले. किनाऱ्यावरच्या इमारती आधी खिडक्यांसकट दिसत होत्या, मग नुसते पांढरे ठोकळे उरले.

माझा पतंग खाली गेल्याचे त्या बाईंनी पाहिले होते. त्यांनी पाच मिनिटे वाट पाहिली आणि शिकवणी केंद्राच्या बोटीला हाक दिली. तेव्हापासून पाण्यात जाण्यापूर्वी मी काठावरच्या एका तरी माणसाला परतण्याची वेळ सांगते आणि बोट नसेल त्या दिवशी त्रामोंतानमध्ये आत जात नाही. फ्रान्समध्ये समुद्रातील मदतीसाठी 196 हा विनामूल्य क्रमांक आहे. माणसाला वाचवण्याचे पैसे पडत नाहीत, सामान ओढून आणण्याचे पडू शकतात. त्या दिवशी वारा वाढत होता आणि बोटवाल्याने मला वर घेऊन पतंग सोडून द्यायला लावला. काठाला लागताच त्याने सर्वप्रथम 196 फिरवून कळवले: पिवळा पतंग, नऊ चौरस मीटर, माणूस सुखरूप. कुणा जहाजाला तो रिकामा पतंग दिसला असता, तर नाहक शोधमोहीम सुरू झाली असती. पतंगावर नाव आणि फोन क्रमांक लिहायचा तो याचसाठी, आणि मीही तो जाड शाईने लिहिला होता.

संध्याकाळी बाबांना फक्त पतंग गेल्याचे सांगितले. “दोन दिवसांत लागेल किनाऱ्याला,” ते म्हणाले, “समुद्र कुणाचे ठेवून घेत नाही.” त्या वाऱ्याच्या वाटेवरचा पुढचा किनारा सार्डिनियाचा आहे आणि मध्ये पाचशेहून अधिक किलोमीटर नुसते पाणी आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.