सँ-सिर्कच्या कोसावर चकवा

सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकून मला एक सवय लागली आहे. वाट चुकली की थांबायचं, कानोसा घ्यायचा, गुरांच्या घंटा ऐकू येतील तिकडे जायचं आणि विचारायचं, "मामा, गडावर वाट कुठून जाते?" मामा काठीनं दाखवतात, वर "पाणी हाय का जवळ?" असंही विचारतात. फ्रान्सच्या ग्रामीण भागात दोन दिवस चालायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात हेच गणित होतं. ते पहिल्या तासात चुकलं, कारण तिथं वाटेत मामाच भेटत नाहीत.

भाची तुलूझला इंजिनिअरिंग शिकते. तिच्याकडे सप्टेंबरात गेले होते. तिनंच सँ-सिर्क-लापोपी काढलं. लोत नदीच्या कड्यावर, पाण्यापासून सुमारे १०० मीटर उंच टांगलेलं मध्ययुगीन गाव, वस्ती दोनशेच्या आसपास. २०१२ साली फ्रेंच लोकांनी 'आमचं सगळ्यात आवडतं गाव' म्हणून निवडलं, तेव्हापासून उन्हाळ्यात तिथं जत्रा असते म्हणे. आम्ही जत्रा ओसरल्यावर गेलो. तुलूझहून काऑरपर्यंत रेल्वे, तिथून नदीकाठानं जाणारी बस. गाडी नसेल तर बसचं वेळापत्रक आधी पाठ करा. रविवारच्या भरवशावर तर राहूच नका.

बसनं थेट गावाच्या पायथ्याशी उतरता येतं. आम्ही अलीकडे बूझियेसला उतरलो आणि पूल ओलांडून जुन्या ओढवाटेला लागलो. ओढवाट हा शब्द माझाच. पूर्वी इथून नावा प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या तर काठावरून दोरानं ओढाव्या लागत. माणसं ओढत, जनावरंही ओढत. पण इथं कडा सरळ पाण्यातच उतरतो, पाय ठेवायला जागा नाही. मग १८४०च्या दशकात चुनखडीचा कडा पोखरून त्यातून वाट काढली. डोक्यावर खडकाचं छत, डावीकडं नदी, उजवीकडं भिंत. आपल्याकडची लेणी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण वाटलं. लेणी देवासाठी, भिक्षूंसाठी खोदली. ही दारूची पिंपं आणि कोळसा वाहणाऱ्या नावांसाठी. भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकारानं अलीकडच्या काळात मासे, शिंपले, पाण्याच्या लाटा कोरल्या आहेत. मी हात फिरवला. गार, किंचित ओलसर दगड, आणि बोटांना पिठासारखी पांढरी भुकटी. आपला काळा कातळ असा हाताला लागत नाही.

पुढं नदीकाठानं जाऊन वाट गावाकडे चढते. चढ किरकोळ. गाव सुंदर आहे, फोटोत असतं तसंच आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली: इथले कारागीर लाकूड कातून दारूच्या पिंपांच्या तोट्या बनवत. खाली नदीतून पिंपं जायची, वर त्यांच्या तोट्या व्हायच्या. रात्री जेवताना मी 'केर्सीचं सॅलड' मागवलं, केर्सी म्हणजे हाच मुलूख. सॅलड म्हणजे पालाच ना, असा भाबडा हिशेब. ताटात पाल्यावर बदकाची पोटं. एरवी हरकत नव्हती, पण त्या दिवशी मंगळवार. भाचीनं दोन्ही ताटं संपवली आणि मी अक्रोड वेचून खाल्ले.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. गावामागं चढून गेलं की पठार लागतं, त्याला तिकडं 'कोस' म्हणतात. आपण कोस मोजतो, ते कोसावर राहतात. भाचीनं आदल्या रात्री माझी शिकवणी घेतली होती. पांढरा पट्टा आणि त्याखाली लाल पट्टा, ही लांब पल्ल्याची वाट. नुसता पिवळा, ही गावाभोवतीची छोटी फेरी. पट्ट्यांखाली बाण असेल तर वळायचं. आणि फुली असेल तर इकडं जायचं नाही. १९४७ साली लुआर नदीच्या काठावर अशी पहिली वाट आखली गेली. आज देशभर या खुणांच्या वाटा १,८०,००० किलोमीटरांच्या घरात आहेत, आणि रंगाचा डबा घेऊन फिरणारे बहुतेक जण हौशी स्वयंसेवक. आपल्याकडे गडाच्या कातळावर चुन्यानं बाण काढणारी पोरं असतात, तीच जात.

पण सह्याद्रीत बाण दिसला नाही तरी सुळका दिसतो, डोंगरधार दिसते, गड कुठल्या अंगाला आहे हे पाठीला कळतं. कोसावर तसं काही नाही. सपाट. खुरटे ओक, ज्युनिपरची झुडपं, आणि दोन्ही बाजूंना सांध्यांत चुना न भरता रचलेले दगडी गडगे, अगदी कोकणातल्यासारखे. फरक इतकाच की जांभ्याच्या जागी करडी चुनखडी. मधेच तशाच सुक्या दगडांची, घुमटाच्या डोक्याची मेंढपाळांची खोपटी. प्रत्येक वळण आधीच्या वळणासारखं. दीड तासानंतर माझ्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात रंग दिसलेला नाही.

"मावशी, शेवटचा पट्टा कुठं बघितलास?"

"तू बघितलास ना?"

झालं. आम्ही तरी पुढं गेलो, कारण वाट चांगली मळलेली होती. आमच्याकडे याला चकवा म्हणतात. अर्ध्या तासानं तेच खोपट पुन्हा समोर. तोवर पाणीही संपलं. चुनखडीत पाणी टिकत नाही, पाऊस पडला की जमीन पिऊन टाकते आणि ते खाली कुठंतरी नदीत निघतं. वर ओढा नाही, झरा नाही. गडावर कातळात टाकं सापडेल या सवयीनं मी घशाला कोरड घेऊन दगडांत वाकून बघत होते, तेव्हा पलीकडून मेंढ्या बघत होत्या. इथल्या मेंढ्यांच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, काजळ फासल्यासारखी. फार गंभीरपणे बघतात.

मेंढ्या आहेत म्हणजे माणूस असणार, हे गणित मात्र इथंही बरोबर निघालं. गडग्याच्या कडेनं गेलो तर चार घरांची वस्ती. घरं बंद. कोपऱ्यावर भिंत घातलेलं स्मशान. भाची सरळ फाटक उघडून आत शिरली.

"अगं, कुठं चाललीस?"

"पाणी भरायला. इथं स्मशानात नळ असतो, फुलझाडांना घालायला. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं."

पाटी नव्हती. आजी असती तर मला आधी आंघोळ करायला लावली असती. मी पोटभर प्यायले, दोन्ही बाटल्या भरल्या आणि निघताना ओळखदेख नसलेल्या त्या मंडळींना नमस्कार केला.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. पुढं जायचा हट्ट सोडला आणि आलेल्या वाटेनं मागं निघालो, शेवटचा पट्टा सापडेपर्यंत. तो सापडायला चाळीस मिनिटं लागली. डावीकडं वळणाचा बाण होता, गडग्याच्या दगडावर, ठसठशीत. आणि आम्ही ज्या वाटेला लागलो होतो तिच्या तोंडाशीच एका ओकवर पांढरी-लाल फुली, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर.

"इथं आपण काय बोलत होतो गं?" मी विचारलं.

भाचीनं आठवून सांगितलं, "तू सांगत होतीस, तुझ्या ग्रुपमधली नवीन पोरं खुणांकडं बघत नाहीत म्हणून."

गावात पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. दोननंतर तिथली स्वयंपाकघरं बंद होतात. दुकानातून पाव आणि रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज घेतलं, रुपयाच्या जुन्या नाण्याच्या साधारण दुप्पट रुंदीची, मऊ चकती. कड्यावरच्या बाकावर बसून खाल्लं. खाली लोत वळण घेत होती आणि काठानं आमची बस काऑरकडं निघून जाताना दिसत होती. पुढची यायला अजून बराच वेळ होता.