पाणी कुणाच्या वाट्याला: केपटाऊन ते कात्से

मी लातूरची आहे म्हटलं की महाराष्ट्रात समोरचा माणूस तीन गोष्टी काढतो: भूकंप, पाण्याची रेल्वे आणि लातूर पॅटर्न. भूकंप माझ्या जन्माआधीचा. पॅटर्नमधून मीही गेले. पण २०१६ चा उन्हाळा माझ्या अंगावरून गेलेला आहे. मांजरा धरणात पाणी नव्हतं. मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गल्लीत टँकर शिरला की आम्ही बहिणी पुस्तकं टाकून घागरी घेऊन पळायचो. मी तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होते. पुढे पाण्याच्याच विषयात शिकायचं, हे त्या उन्हाळ्यात पक्कं झालं.

त्यातून दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन विद्यापीठ. २०१८ च्या जानेवारीअखेर मी तिथं उतरले, तर विमानतळाच्या स्वच्छतागृहातले नळ बंद केलेले आणि शेजारी हात चोळायला जंतुनाशकाची बाटली. भिंतीवर पाणी वाचवा म्हणून मोठमोठे फलक. सलग तीन पावसाळे कोरडे गेले होते. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा लागली. धरणांचा एकूण साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की घराघरांतले नळ बंद करायचे आणि शहरात सुमारे २०० ठिकाणी रांगा लावून माणशी २५ लिटर पाणी वाटायचं, अशी तयारी चालली होती. त्या दिवसाला सगळे ‘डे झिरो’ म्हणायचे. त्याची तारीख सारखी मागे-पुढे होत होती.

आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, “एवढ्या लांब जाऊन परत पाणीच भरायचं का गं?”

वसतिगृहात आमच्या मजल्यावर जर्मनीच्या, नायजेरियाच्या, झिम्बाब्वेच्या आणि इथल्याच मुली होत्या. शॉवरखाली पाय ठेवायला बादली असायची. अंगावरून पडलेलं पाणी तिच्यात साठवायचं आणि तेच संडासात ओतायचं. दीड-दोन मिनिटांत शॉवर उरकायचा. मी शॉवर लावलाच नाही. एका बादलीत केस धुवून आंघोळ कशी होते ते मजल्यावरच्या मुलींना दाखवलं. झिम्बाब्वेच्या मुलीला दाखवावं लागलं नाही. ती हरारेत बोअरवरून पाणी वाहत मोठी झाली होती. त्या आठवड्यापासून आमची दोघींची गट्टी जमली ती आजपर्यंत.

टंचाई मला नवी नव्हती. नवं होतं ते शहर तिच्याबद्दल ज्या उघडपणे बोलत होतं ते. धरणात किती टक्के पाणी उरलंय हे दुकानदारापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असायचं. शहराने इंटरनेटवर एक नकाशा टाकला होता. ज्या घरात पाणी कमी वापरलं जातं त्या घरावर हिरवा ठिपका. कुणाच्या घरावर ठिपका आहे आणि कुणाच्या नाही, हे शेजाऱ्याला घरबसल्या दिसायचं. आमच्याकडे पाणी कधी सुटणार हे फक्त वॉलमनला ठाऊक. त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला की बायका पिंपांची झाकणं काढायच्या. धरणात किती, टाकीत किती, कुठल्या भागाला किती, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या नकाशावरून तिथं वादही झाले. लोकांची माहिती अशी चव्हाट्यावर मांडावी का, असं बरेच जण म्हणायचे. मला तो नकाशा आवडला, अजूनही आवडतो.

टीवॉटर्सक्लूफ हे केपटाऊनला पाणी पुरवणाऱ्या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं धरण. सगळ्या मोठ्या धरणांच्या एकत्रित क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक त्या एकात. आमच्या वर्गाची सहल तिथं नेली होती. पाण्यापर्यंत पोचायला वाळूतून बराच वेळ चालावं लागलं. बुडिताखाली गेलेल्या झाडांचे बुंधे काळे पडून उभे होते आणि जोरदार आग्नेय वाऱ्याने वाळू डोळ्यांत जात होती. मांजराच्या तळातली भेगाळलेली काळी माती मला माहीत होती. इथं पांढरी वाळू. बाकी तेच.

टेबल माउंटनच्या पायथ्याला न्यूलँड्समध्ये एक झरा आहे. त्या महिन्यांत तिथं दिवसरात्र रांग असायची. महागड्या गाड्यांतून उतरलेली गोरी कुटुंबं, टोपी घातलेले वयस्कर मुसलमान गृहस्थ, कॉलेजची मुलं. आणि चार पैसे मिळतील म्हणून ट्रॉलीवरून लोकांचे कॅन गाडीपर्यंत पोचवणारी, केप फ्लॅट्स या शहराबाहेरच्या सपाट भागातली पोरं. रांगेत शिरताना आधी मागच्या-पुढच्याची विचारपूस करायची, मग कॅन खाली ठेवायचा. कामाचं बोलणं नंतर. दुकानात, बसमध्ये, कार्यालयाच्या खिडकीवर, सगळीकडे हीच रीत. ती मला फार भावली. या शहरात एरवी हे लोक एका रांगेत कधी भेटत नाहीत, असं तिथल्याच एका आजोबांनी मला सांगितलं.

त्याचं कारण शहर हिंडताना कळत गेलं. १९५० च्या कायद्याने कुठल्या वंशाच्या माणसाने कुठं राहायचं हे सरकार ठरवू लागलं. शहराच्या मधोमध असलेली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि तिथल्या साठ हजारांहून जास्त लोकांना उचलून वाऱ्यावाळूच्या केप फ्लॅट्सवर नेऊन टाकलं. ते कायदे गेले, पण अंतरं तशीच राहिली. आजही बरेच अर्ज भरताना वंशाचा रकाना येतो: आफ्रिकन, कलर्ड (म्हणजे मिश्रवंशीय), इंडियन, व्हाइट. मला पाहून लोक थेट विचारायचे, “डर्बनची का?” १८६० मध्ये मद्रासहून ऊसमळ्यांत राबायला मजूर नेले, त्यांचे वंशज डर्बनच्या आसपास, नाताळ नावाच्या प्रांतात लाखांनी आहेत. मी भारतातून आले आहे म्हटलं की आश्चर्य वाटायचं. कुठल्या रकान्यात खूण करायची यावर मी पहिल्यांदा बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. आपल्याकडे जातीचा रकाना किती सहज भरला आहे आजवर, हे त्या दिवशी जाणवलं.

माझी एक मैत्रीण खोसा या आफ्रिकन समाजाची, ईस्टर्न केप प्रांतातल्या खेड्यातली. तिची मावशी खायेलित्शात राहायची. एका शनिवारी आम्ही मिनीबस टॅक्सीने तिकडे गेलो. दारात लोंबकळणारा पोरगा ठिकाणांची नावं ओरडतो, मागच्या सीटवरचे पैसे हातोहात पुढे येतात आणि मोड तशीच हातोहात मागे जाते. कुणी एक नाणं इकडचं तिकडे करत नाही.

खायेलित्शा १९८० च्या दशकात वसवलं गेलं, शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर लांब. मावशीचं घर पत्र्याचं. आत पलंग, फ्रीज, भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, सगळं लखलखीत. पाण्याचा नळ मात्र गल्लीच्या टोकाला, वीसएक घरांना मिळून एक. संडासही सामायिक. रात्री तिकडे जायचं नाही, बायकांनी तर नाहीच. आम्ही दोघींनी दोन बादल्या भरून आणल्या. एक दिवसभर पुरली.

मी मावशींना ‘डे झिरो’बद्दल विचारलं. त्या कणसाचे दाणे सोलत होत्या. मैत्रिणीने त्यांचं बोलणं मला सांगितलं: “शहरातल्या लोकांना नळाशी उभं राहावं लागणार म्हणून सगळे घाबरलेत. मी इथं आल्यापासून नळाशीच उभी आहे. तेव्हा कुणी तारीख जाहीर केली नव्हती.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. शहराच्या एकूण पाण्यापैकी अशा झोपडवस्त्यांच्या वाट्याला सुमारे पाच टक्के पाणी जात होतं. ५० लिटरची मर्यादा त्यांना घालायची गरजच नव्हती.

परत येताना मैत्रिणीने विचारलं, “तुमच्याकडे सगळे एकाच नळावर भरतात का?” मी तिला महाडचं सांगितलं. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्यायले. ते तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, तरी पाणी प्यायले म्हणून लोकांना मार खावा लागला, आणि नंतर गोमूत्र-शेण टाकून तळ्याची ‘शुद्धी’ केली गेली. माझ्या आजोळी, औसा तालुक्यात, आजीच्या तरुणपणी दोन विहिरी होत्या. कुठली कुणाची हे सांगावं लागत नसे. मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “रंग तरी एकच असेल ना तुमचा सगळ्यांचा?” मी हो म्हटलं. तिला ते शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि मलाही ते समजावून सांगता आलं नाही.

जूनमध्ये पाऊस आला. केपटाऊनला पावसाळा हिवाळ्यात असतो, हेही माझ्या शरीराला पटायला वेळ लागला. स्वेटर घालून पावसाची वाट पाहायची सवय कुठली असणार? नळ बंद झाले नाहीत. एका मोठ्या शहराने तीन वर्षांत आपला पाणीवापर निम्म्याहून खाली आणला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळ्यांना आकडे कळत होते म्हणून ते जमलं, असं मला ठामपणे वाटतं. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणातलं हजार कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडलं, तेही विसरता येणार नाही.

सुट्टीत नामिबियाला गेलो. केपटाऊनहून विंडहुकला बसने जवळजवळ एक अख्खं दिवस-रात्र लागते. ऑरेंज नदी ओलांडली की सीमा. त्या देशात बारमाही नद्या फक्त सीमांवर आहेत, आत एकही नाही. विंडहुकमध्ये १९६८ पासून शहराचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या नळात सोडतात. गोरेआंगाबचं ते केंद्र पाहायला मिळावं म्हणूनच मी हा प्रवास केला होता. टाक्या, गाळण्या, कोळशाचे थर पार करून शेवटी नळाखाली पेला धरला आणि प्यायले. चव साधी, थोडी जड. बाबांना फोन केला. ते आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्याकडे होईल का हे?” त्यांच्याकडून नाक मुरडण्याची अपेक्षा होती, त्यांनी थेट हा प्रश्न विचारला.

लेसोथो मात्र माझ्या मनात सगळ्यात खोल उतरलं आहे. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधे हा डोंगराळ देश. अंगावर लोकरीची जाड पांघरुणं पिनेने अडकवून घोड्यांवरून जाणारे गुराखी, गवताने शाकारलेली गोल घरं, वसंतात गुलाबी झालेली पीचची झाडं. वर्गातल्या एका मुलाचं गाव कात्से धरणाच्या बाजूला होतं. त्याच्या आईने मक्याची घट्ट पापा आणि रानभाजी वाढली. हाताने खायची. आपल्या ज्वारीच्या उकडीच्या जवळ जाणारी चव. कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले.

कात्से १८५ मीटर उंच आहे. त्यातलं पाणी डोंगरातून खोदलेल्या ४५ किलोमीटरच्या बोगद्याने वीजकेंद्राकडे जातं आणि तिथून पुढे दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या बाजूला. करार १९८६ चा, वंशभेदी राजवटीशी झालेला. पाण्याच्या बदल्यात लेसोथोला पैसे मिळतात, आणि त्या छोट्या देशाला ते लागतात हेही खरं. पण धरणाच्या वरच्या अंगाला बायका डोक्यावर बादल्या घेऊन झऱ्याकडे चालल्या होत्या आणि खाली निळंशार पाणी मैलोन् मैल पसरलं होतं. मी कोयनेच्या विस्थापितांबद्दल वाचून मोठी झालेली मुलगी. तरी ते दृश्य पाहून बोलवेना.

धरण भरू लागलं तेव्हा, १९९५-९६ मध्ये, तिथं भूकंपाचे धक्के बसले. मापेलेंग गावातून जमिनीला लांबच लांब भेग गेली. काही झरे आटले, काहींना जास्त पाणी आलं. मित्राच्या आजोबांनी ते आठवून सांगितलं: रात्री डोंगराच्या पोटातून आवाज यायचे, गुरं दावणीला थांबत नव्हती. मी त्यांना किल्लारीचं सांगितलं, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बुडवून येऊन झोपलेले. आजीने मला सांगितलं होतं तसंच सांगितलं. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मग तीन प्रश्न विचारले. किती माणसं गेली? घरं कुणी बांधून दिली? नव्या गावात पाणी कुठून आलं?

पहिल्या दोन्हींची उत्तरं मला येत होती. तिसऱ्यासाठी मी लातूरला आल्यावर औसा आणि उमरग्याकडच्या पुनर्वसित गावांत हिंडले. अजून हिंडते आहे. कुठं बोअर, कुठं टँकर, कुठं दूरवरची नळयोजना. जे सापडतं ते गावागणिक वहीत लिहून ठेवते आणि मित्राकडे पाठवते. तो ते आजोबांना वाचून दाखवतो.

२०२३ मध्ये लेसोथोत पोलिहाली या पुढच्या धरणाचं मुख्य बांधकाम सुरू झालं. मित्र आता तिथल्या हलवल्या जाणाऱ्या गावांमध्ये काम करतो. नव्या घरांजवळ नळ आला की नाही, आला तर आठवड्यातून किती दिवस पाणी येतं, हे त्याने मला दर महिन्याला कळवायचं आणि मी त्याला औशाचं कळवायचं, असं आमचं ठरलं आहे.