बाबांची गोळी

आज बाबांना घेऊन ओपीडीत गेले होते. लिव्हर सिरॉसिस कळून आता दीड वर्ष झालं. सकाळी उठल्याबरोबर वजन, मग पायावर अंगठा दाबून बघायचं, सुजेमुळे खड्डा राहतो का. आज राहिला.

डॉक्टरांना विचारलंच, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने सिरॉसिसला फायदा होतो म्हणतात, बाबांना चालेल का? त्यांनी शांतपणे समजावलं. लिव्हर कडक झालं की पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेतला, दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, फुटतात. सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिन गोळीने तो दाब थोडा उतरतो. स्पेनमधल्या चाचणीत (२०१६) असं एकदा रक्त गेलेल्यांना ४० मिलिग्रॅम दिलं. पुन्हा रक्त जाणं काही कमी झालं नाही, पण मृत्यू २२ टक्क्यांवरून ९ वर आले. मला तिथेच भरून आलं.

पण पुढचंही त्यांनी लपवलं नाही. युरोपातल्या १४ हॉस्पिटलांत, पोटात पाणी वगैरे होऊन आजार पुढे गेलेल्या २५४ जणांवर २० मिलिग्रॅम, सोबत रिफॅक्झिमिन हे आतड्यांसाठीचं अँटिबायोटिक, असं वर्षभर तपासलं. २०२५ मध्ये निकाल आला: फरक नाही. डोस वाढवावा तर अशा लिव्हरमुळे औषध रक्तात साचतं, स्नायूंना इजा होऊ शकते. बाबा याच गटातले.

गोळी मिळाली नाही. तरी खरं सांगणारा डॉक्टर मिळाला याचं मला फार समाधान वाटलं. येताना बाबा रिक्षात म्हणाले, "त्या अडीचशे लोकांनी आपल्यासाठी गोळ्या खाल्ल्या गं." घरी आल्यावर बिनमिठाची दुधी भाजी केली, मीही तीच खाल्ली.