तुम्ही विचारलंत म्हणून : सांगलीत राहून कमलाबाईच का?

"बाई, विष्णुदास भावे आपले, देवल हरिपूरचे, खाडिलकर तर सांगलीतच जन्मलेले. एवढी नाटककार मंडळी असताना तुम्ही दर वेळी कमलाबाई गोखल्यांवरच कशा येता?" रंगभूमी दिनाच्या आसपास कुठल्या शाळा-कॉलेजात बोलायला गेले की चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला. कमलाबाई म्हणजे आपल्या सिनेमाच्या पडद्यावर अगदी सुरुवातीला आलेल्या, नाटकातून घडलेल्या अभिनेत्री. विचारणाऱ्याला खरंच कुतूहल असतं, म्हणून एकदा नीट बसून उत्तर लिहिते आहे.

५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सीतेचं सोंग पुरुषानंच घेतलं होतं. त्या काळात दुसरं काही होणारही नव्हतं. पण ती रीत मोठ्या कंपन्यांत इतकी मुरली की स्त्रीपार्ट ही एक वेगळी विद्याच होऊन बसली. १९०५ साली मिरजेत बालगंधर्व शकुंतला होऊन उभे राहिले आणि त्या विद्येनं कळस गाठला. आमच्या घरात त्यांच्या रेकॉर्डी सकाळ-संध्याकाळ वाजायच्या. त्यांच्याबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. तरीही मनात येतंच, की जिच्या अंगात नाटक होतं अशा बाईनं त्या काळात जायचं कुठं?

दुर्गाबाई कामत गेल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी. अशा बाईनं नाटक कंपनीत बिऱ्हाड करायचं म्हणजे लोकांनी काय काय बोलून घेतलं असेल! ती मुलगी म्हणजे कमला, जन्म १९०० चा. शाळेत जायच्या वयात ती रंगमंचावर होती. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. दुर्गाबाई झाल्या पार्वती आणि कमला झाली मोहिनी. आपल्या सिनेमाच्या पडद्यावर बाई दिसली ती ही अशी, मायलेकींची जोडी.

बहुतेक लोक इथंच थांबतात. 'पहिली अभिनेत्री' म्हटलं, टाळ्या झाल्या, विषय संपला. माझं सगळं बोलणं खरं तर इथून पुढचं आहे.

एक तर त्या दोघींनी उघडलेलं दार लगेच सताड उघडं झालं नाही. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले! म्हणजे मोहिनी पडद्यावर येऊन गेल्यावर चार वर्षांनीही सीतेला पुरुषच लागत होता. आणि दुसरं, कमलाबाईंच्या वाट्याला पुढं जे आयुष्य आलं त्यात 'पहिली' या मानाचा काडीचा उपयोग नव्हता. रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं, ते स्वतः नामांकित नट. कमलाबाई पंचविशीच्या आसपास असताना ते गेले. मागं मुलांची जबाबदारी, आणि हातात कला एकच. मग कंपनी मिळेल ती, गाव येईल ते, भूमिका पडेल ती.

बायकांच्या कंपनीत त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते, म्हणून जरा थांबून ती डोळ्यांसमोर आणा. ज्या रंगभूमीवर पुरुष नऊवारी नेसून, नथ घालून नायिका होत होते, त्याच रंगभूमीवर एक विधवा बाई, घरी पोरं झोपलेली, विंगेत उभी राहून धोतराचा काष्टा घट्ट करते, फेटा सारखा करते, डिंकानं चिकटवलेली मिशी बोटानं दाबून बघते आणि आवाज खाली उतरवून प्रवेशाला जाते. स्त्रीपार्टावर आपल्याकडं पुस्तकंच्या पुस्तकं निघाली. या उलट्या कसबावर कुणी धड पानभर लिहील तर शपथ.

बोलपट आल्यावर त्या बोलपटांतही आल्या. मूकपटातल्या मोहिनीला नाचता आलं तरी भागत होतं. इथं शब्द टाकता यायला हवा होता, आणि तो त्यांच्याकडं नाटकातून तयार होऊन आला होता. वय वाढलं तशा भूमिका बदलल्या. १९८० च्या 'गहराई'पर्यंत त्या पडद्यावर दिसतात. १९१३ ते १९८०. मधल्या काळात नायिका किती आल्या आणि किती घरी बसल्या! चरित्र अभिनेत्रीचं नाव जाहिरातीत मोठ्या टायपात येत नाही, पण ती नसेल तर प्रसंग उभा राहत नाही, हे नाटकवाल्यांना सांगावं लागत नाही.

आता तुमचा मूळ मुद्दा, की त्या आपल्या कशा. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले १९२१ साली मिरजेत जन्मले. बालगंधर्व जिथं शकुंतला झाले तेच गाव! चंद्रकांतही लहानपणीच रंगमंचावर आले. त्यांचे भाऊ लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडं वळले. अभिनेते विक्रम गोखले हे चंद्रकांतांचे चिरंजीव, म्हणजे कमलाबाईंचे नातू. या घराण्याबद्दल बोलताना सगळे विक्रमरावांपासून सुरुवात करून मागं चंद्रकांतांपर्यंत येतात आणि थबकतात. मी तेवढं आणखी मागं नेते, आजीपर्यंत आणि पणजी दुर्गाबाईंपर्यंत. कारण तिथं कमावणारी, शिकवणारी आणि पुढं उभी राहणारी बाई आहे.

कमलाबाई नव्वदीत असताना रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. मिळाला तर जरूर बघा, आणि शाळेत मुलांना दाखवणार असाल तर मला बोलवा. मी येईन. आणि एक विनंती. सांगली-मिरजेच्या जुन्या वाड्यांत माळ्यावर नाटकांची हस्तपत्रकं अजून सापडतात. घर पाडायला काढलंत, तर बायकांच्या कंपन्यांचा कागद दिसला की तो रद्दीत घालू नका, मला एकदा दाखवा.