तंजावरची कट्यार, फिरंगी पातं

तंजावरच्या जुन्या कट्यारींचं नाव निघालं की लोक मुठीवरच्या यालीबद्दल, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याबद्दल बोलतात. याली सुरेखच असते, वादच नाही. पण माझी नोकरी गेली भोसरीच्या टूलरूममध्ये, त्यामुळे माझं लक्ष आधी जातं रिव्हेटकडे, म्हणजे पातं मुठीला जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांकडे.

कट्यारीची मूठ आडवी. मनगटाच्या दोन्ही अंगांनी दोन पट्ट्या मागे येतात, मधले आडवे दांडे मुठीत धरायचे. पातं हाताच्या सरळ रेषेत राहतं, म्हणजे खुपसताना खांद्यापासूनचा सगळा जोर टोकावर. चिलखताच्या कड्या फोडायच्या म्हणून कित्येक पात्यांचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. दक्षिणेत विजयनगर आणि मग तिथल्या नायक राजांच्या काळात या मुठीला पुढून पोलादी पान आलं, बोटांच्या पाठीवर वळलेलं. त्यावर कोरलेली जाळी.

ही जाळी काय चीज आहे ते कानस धरलेल्यालाच कळेल. आज आपण वायरकटवर, म्हणजे तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर, जॉब लावून चहा प्यायला जातो. तेव्हा भोक पाडायचं, छिन्नीनं मोकळं करायचं, मग कानशीनं कडा साफ. हात जरा तिरका पडला की पलीकडची नक्षी खाल्लीच! आतल्या कोपऱ्यात तर कानस नीट बसतच नाही. कारागीर जोखायचा तो तिथे.

आणि पातं? सतराव्या शतकातल्या बऱ्याच कट्यारींना ते चक्क युरोपातलं असतं, फिरंगी तलवारीचं कापून घेतलेलं. मुठीतून पुढे आलेल्या पोलादी जिभांमध्ये ते धरायचं आणि रिव्हेट ठोकायचे. काहींना हा जुगाड वाटतो. मला नाही वाटत. पाणी दिलेलं तयार पातं भट्टीत घालून सांधलं तर पाणी उतरणार, पातं मऊ पडणार. रिव्हेटच बरोबर.

१८५५ मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे भोसले वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि पुढे शस्त्रागारही मोडलं. आता या कट्यारी बघायच्या तर चेन्नईचं सरकारी संग्रहालय, नाहीतर थेट न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन. आपल्याच भोसल्यांचा हा ठेवा, पण पुण्यात शनिवारवाड्यापलीकडे इतिहास विचारतो कोण!

मेट्रोपॉलिटनचे फोटो नेटवर फुकट आहेत, झूमही छान होतात. रात्री ते उघडून बसलो की बायको म्हणते, ‘रिटायर झालात तरी इन्स्पेक्शन काही सुटलं नाही.’