तंबूत राहायचंय? मग अर्धा स्वयंपाक घरूनच करून न्या

गेल्या डिसेंबरात पवनेच्या काठावर आम्ही पाच जण तंबूत राहिलो. मी ठरवलं होतं की तिथे निवांत बसून सगळं ताजं करायचं, वाटण, रस्सा, भात वगैरे. पण साडेसहालाच अंधार झाला आणि पाण्यावरून वारा असा सुटला की शेगडीची ज्योत पातेल्याला लागेचना, एका बाजूला झुकून नुसती फडफडत होती, मोबाईलच्या उजेडात चिरलेला कांदा मातीत सांडला आणि भाताला सव्वा तास लागला. तोवर धाकटा बिस्किटं खाऊन झोपला पण. त्याला तसं झोपलेलं बघून इतकं वाईट वाटलं ना, तेव्हापासून पद्धतच बदलली.

आता आदल्या दिवशी घरीच दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुवून पंच्यावर वाळवते, मंद आचेवर भाजते, गार झाली की हळद, गोडा मसाला, मीठ घालून डब्यात भरते. तिथे फक्त फोडणी, आठ-नऊ वाट्या पाणी आणि वर झाकण, बास. मऊ खिचडी होते, मुलं पण आवडीने खातात. कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून, वाटून फ्रीजरमध्ये घट्ट गोठवते, पाण्याच्या दोन बाटल्या पण गोठवते (काठोकाठ भरू नका, फुटतात). मग वेगळा बर्फ लागत नाही, दूध-दही बाटल्यांच्या मध्ये ठेवायचं आणि वितळलं की तेच पाणी प्यायचं.

पहिल्या रात्रीला तर चूल पेटवायच्या भानगडीत पडूच नका. सासूबाई दशम्या करून देतात, पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवलेली, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. शिजवलेला भात मात्र घरून नेऊ नका आणि रात्रीचा उरलेला सकाळी परतून पोरांना देऊ नका, बाहेर राहिलेल्या भाताने पोट बिघडतं आणि तिथे जवळ डॉक्टर नसतो.

शेगडीला वाऱ्याच्या बाजूनेच दगडांचा आडोसा करा, तोही हातभर लांब. सिलेंडरवरच बसणारी शेगडी असेल तर चारी बाजूंनी कोंडायची नाही, खालचा सिलेंडर तापतो. चूल मांडणार असाल तर पुण्याच्या तुळशीबागेतून एक जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं घ्या आणि चुलीवर ठेवायच्या आधी त्याला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवा, काजळी मातीवर बसते आणि धुताना सगळी एकदम निघून जाते. ही आईची युक्ती, अजून कधी फसली नाही.

आणि हे अगदी कळकळीने सांगते, कितीही थंडी वाजली तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत घ्यायची नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेत कळतही नाही आणि माणूस जातो. निखाऱ्यांवर भरपूर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, हाताला गार लागेपर्यंत. मुलांना जास्तीचे दोन स्वेटर घाला हवं तर.

सकाळी पिठलं. बेसनात तिखट, मीठ, हळद, जिरं घरीच मिसळून नेते, दहा मिनिटांत हाटून होतं, उरलेल्या दशमीबरोबर पाण्याकडे तोंड करून बसून खायचं. या शनिवारी परत चाललोय, वाटण कालच फ्रीजरमध्ये टाकलंय.